दृष्टिभ्रम आणि इतिहासाची साक्ष : अजिंठा, वेरूळ व देवगिरी परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

इतिहासलेखनात प्रत्यक्षदर्शीच्या साक्षीला मोठे मोल आहे. प्रवासवर्णने, शिलालेख, उत्खननाचे अहवाल आणि चित्रांच्या नकला या साऱ्या साधनांच्या मुळाशी कोणीतरी डोळ्यांनी काही पाहिलेले असते. पाहणारा प्रामाणिक असेल तर त्याचे पाहणे विश्वसनीय असते, असे सहसा गृहीत धरले जाते. परंतु प्रामाणिकपणा आणि अचूक संवेदन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूर्णतः प्रामाणिक माणसाचीही इंद्रिये त्याला फसवू शकतात, आणि ही फसगत बहुधा नियमबद्ध असते.

मानसशास्त्रात भ्रम आणि विभ्रम यांत भेद केला जातो. समोर वस्तू असून ती आहे त्याहून वेगळी भासणे हा भ्रम, तर वस्तू नसतानाच तिचे संवेदन होणे हा विभ्रम होय. प्रस्तुत लेखाचा संबंध केवळ भ्रमाशी आहे. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातील अजिंठा, वेरूळ, देवगिरी आणि बीबी का मकबरा या स्थळांच्या आधारे दोन प्रश्नांचा येथे विचार केला आहे. या वास्तूंच्या निर्मात्यांनी मानवी दृष्टीच्या स्वभावाचा उपयोग कसा केला, हा पहिला प्रश्न. आणि या वास्तू पाहणाऱ्यांच्या दृष्टिभ्रमांचा इतिहासाच्या साधनांवर काय परिणाम झाला, हा दुसरा.

भ्रमाची भारतीय मीमांसा

या विषयाची चर्चा पाश्चात्त्य प्रयोगशाळांत सुरू झाली असा समज आढळतो. तो खरा नाही. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास रचलेल्या 'आर्यभटीया'च्या गोलपादात एक दृष्टान्त दिला आहे. पुढे जाणाऱ्या नावेतील माणसाला काठावरील स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात. त्याचप्रमाणे स्थिर तारे पश्चिमेकडे सरकताना दिसतात. येथे एक नित्याचा दृष्टिभ्रम पृथ्वीच्या परिवलनाचा युक्तिवाद म्हणून वापरला गेला आहे. अजिंठ्याच्या महायान लेण्यांचे काम थांबून त्या वेळी फार काळ लोटला नव्हता.

त्याच सुमारास बौद्ध न्यायशास्त्रात प्रत्यक्ष ज्ञानाच्या लक्षणाविषयी मूलभूत चर्चा सुरू झाली. आचार्य दिङ्नागाने प्रत्यक्षाचे लक्षण 'कल्पनापोढ', म्हणजे कल्पनेचा स्पर्श नसलेले ज्ञान, असे केले. इंद्रिय केवळ ग्रहण करते. चूक होते ती मनाने त्यावर नाम, जाती इत्यादींची योजना केल्यावर, असा या भूमिकेचा सर्वसाधारण आशय मानला जातो. सातव्या शतकाच्या सुमारास धर्मकीर्तीने या लक्षणात 'अभ्रान्त' हे पद जोडले, कारण काही चुका मनाच्या नसून संवेदनातच असतात. नेत्ररोग झालेल्याला दोन चंद्र दिसतात. चंद्र एकच आहे हे त्याला ठाऊक असले तरी दुसरा चंद्र नाहीसा होत नाही. उलट दोरीवर भासलेला साप दिवा आणताच नाहीसा होतो.

धर्मकीर्तीने 'न्यायबिंदू'त भ्रमाची चार कारणे सांगितली आहेत : तिमिर हा नेत्ररोग, जलद भ्रमण, नौकेतून प्रवास आणि संक्षोभ. धर्मोत्तराच्या टीकेनुसार पहिले कारण इंद्रियात, दुसरे विषयात, तिसरे पाहणाऱ्याच्या बाह्य स्थानात आणि चौथे त्याच्या शरीरात असते. गरगर फिरवलेले कोलीत अग्नीचे अखंड वर्तुळ भासते, ते 'अलातचक्र' दुसऱ्या प्रकारचे प्रसिद्ध उदाहरण होय. इंद्रिय, विषय, स्थान आणि शरीर अशी ही कारणमीमांसा आजच्या वाचकालाही परिपूर्णतेने चकित करते.

नावेचा दृष्टान्त मराठीतही आला. नेवासे येथे इ. स. १२९० मध्ये सिद्ध झालेल्या 'ज्ञानेश्वरी'च्या चौथ्या अध्यायात नावेतल्या माणसाला काठावरची झाडे धावताना दिसतात, आणि नीट पाहू जाता ती अचल असल्याचे कळते. कर्म करीत असूनही अकर्ता असणाऱ्या पुरुषाची स्थिती सांगण्यासाठी ज्ञानेश्वरांनी हा दाखला योजला आहे. एकच भ्रम खगोलशास्त्र, ज्ञानमीमांसा आणि अध्यात्म या तीन क्षेत्रांत तीन वेगळ्या प्रयोजनांनी वापरला गेला. या तिन्ही ठिकाणी भ्रम टाकाऊ नाही. तो ज्ञानाचे साधन ठरला आहे.

अजिंठा : सपाट भिंतीवरील उंचसखलता

अजिंठ्याची लेणी वाघूर नदीच्या घोड्याच्या नालासारख्या वळणावर कोरलेली आहेत. त्यामुळे प्रत्येक लेण्याचे तोंड वेगळ्या दिशेला आहे आणि दिवसाच्या वेगवेगळ्या प्रहरी त्यांत वेगवेगळा प्रकाश येतो. हा प्रकाश दारातून आणि गवाक्षांतून शिरतो, जमिनीवरून परावर्तित होतो आणि मंद होत भिंतींपर्यंत पोहोचतो. चित्रकारांना काम करावयाचे होते ते अशा प्रकाशात.

सपाट पृष्ठभागावर घनता दाखवण्याची त्यांची रीत 'वर्तना' या नावाने ओळखली जाते. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडातील चित्रसूत्रात तिचे पत्रज, ऐरिक आणि बिंदुज असे तीन प्रकार सांगितले आहेत. अजिंठ्याच्या आकृतींत अवयवांच्या कडांकडे रंग गडद होत जातो. नाकाचा शेंडा, ओठ, हनुवटी अशा उंच भागांवर उजळ रंगाचा स्पर्श असतो. पहिल्या लेण्यातील बोधिसत्त्व पद्मपाणीच्या मुखावर ही पद्धत स्पष्ट दिसते. भिंत सपाट आहे हे पाहणाऱ्याला ठाऊक असते, तरी मुख पुढे आलेलेच दिसते. धर्मकीर्तीचा दुसरा चंद्र जसा ज्ञानाने पुसला जात नाही, तसाच हा उठावही पुसला जात नाही.

महायानसूत्रालंकार या ग्रंथात विधिवत रंगवलेल्या चित्राचा दाखला आहे : चित्रात खोलगट-उंच असे काही नसते, तरीही ते दिसते. अजिंठ्याच्या चित्रकारांनी हा ग्रंथ वाचला होता असा पुरावा नाही. तथापि जो अनुभव भिंतीवर निर्माण केला जात होता, तोच त्या काळच्या बौद्ध विचारवंतांच्या चिंतनाचाही विषय होता, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. मानवी दृष्टी सामान्यतः प्रकाश वरून येतो असे गृहीत धरते. १९८८ मध्ये व्ही. एस. रामचंद्रन यांनी छायेवरून आकार ओळखण्यासंबंधीच्या प्रयोगांत हे दाखवून दिले. वर उजळ व खाली गडद असलेले वर्तुळ फुगीर दिसते, आणि तेच उलटे केल्यास खोलगट दिसते. युरोपीय प्रबोधनकाळातील चित्रकारांनी बहुधा एका निश्चित दिशेने येणारा प्रकाश कल्पून छाया रंगवली. वर्तना मात्र दिशेवर अवलंबून नाही. ती कडांवर गडद आणि मध्यभागी उजळ असते. ज्या लेण्यात खरा प्रकाश सकाळी एकीकडून आणि सायंकाळी दुसरीकडून येतो, जमिनीवरून उलटून खालूनही येतो, तेथे एका दिशेची छाया केव्हा ना केव्हा खऱ्या प्रकाशाशी विसंगत ठरली असती. वर्तनेत अशी विसंगती उद्भवत नाही. ही पद्धत या हेतूनेच स्वीकारली गेली असे सिद्ध करता येत नाही. परंतु ती त्या जागेच्या प्रकाशाला अनुरूप आहे, हे मान्य करावे लागते.

शिल्पाच्या बाबतीत याच्या उलट परिणाम साधतो. पहिल्याच लेण्याच्या गर्भगृहातील धर्मचक्रप्रवर्तन मुद्रेतील बुद्धमूर्तीवर समोरून, उजवीकडून आणि डावीकडून प्रकाश टाकून मार्गदर्शक तीन वेगवेगळे भाव दाखवतात. दगड तोच असतो. बदलते ती छायांची रचना, आणि तीवरून मन भाव वाचते. प्रेक्षकाला दिसणारे स्मित किंवा खिन्नता शिल्पकाराच्या योजनेतील होती काय, हा प्रश्न वेगळा आहे. त्याचे उत्तर विजेरीच्या प्रकाशावरून देता येणार नाही.

याच लेण्यातील एका स्तंभशीर्षावर चार हरणांना मिळून एकच मुख कोरलेले आहे. ज्या देहाकडे लक्ष द्यावे त्या देहाचे ते मुख वाटते. एका वेळी एकच हरीण पुरे होते आणि उरलेली तीन अपुरी राहतात. बदक आणि ससा अशा दोन्ही रूपांत दिसणारे प्रसिद्ध द्व्यर्थी चित्र १८९२ मध्ये एका जर्मन नियतकालिकात छापले गेले आणि १८९९ मध्ये जोसेफ जॅस्ट्रो यांनी ते मानसशास्त्रात आणले. अजिंठ्याचे हरीण त्याहून सुमारे चौदा शतकांनी जुने आहे. अवधान बदलताच संवेदन बदलते हे तत्त्व त्या अनाम शिल्पकाराला कृतीतून ज्ञात होते.

आधार शोधणारा डोळा

चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग याने सातव्या शतकात महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवरील एका मोठ्या पर्वतातील संघारामाचे वर्णन केले आहे. तो अर्हत अचल याने निर्मिल्याचे तो सांगतो. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यातील शिलालेखात अचल स्थविराचे नाव आहे, त्यामुळे हे वर्णन अजिंठ्याचे मानले जाते. ह्युएन त्संगाने ते स्थळ स्वतः पाहिले की त्याविषयी ऐकले, याबद्दल मतभेद आहेत. याच संघारामात दिङ्नाग वारंवार राहत असे, असेही तो नमूद करतो. प्रत्यक्ष ज्ञानाचा मीमांसक आणि या चित्रशाळा यांचा हा परंपरेने सांगितलेला संबंध लक्षणीय आहे.

त्या वर्णनात सुमारे सत्तर फूट उंचीची बुद्धमूर्ती आहे आणि तिच्यावर दगडी छत्रांचे सात थर कोणत्याही आधाराविना उभे आहेत. अर्हताच्या प्रतिज्ञेचे बळ, सिद्धीचे सामर्थ्य किंवा औषधींचा प्रभाव अशी कारणे लोक सांगतात, असेही त्यात म्हटले आहे. अजिंठ्यात एवढी उंच मूर्ती नाही आणि सात छत्रेही नाहीत. म्हणून हे वर्णन केवळ दंतकथा ठरवून सोडून देणे सोपे आहे. परंतु एकोणिसाव्या लेण्यात बुद्धमूर्तीयुक्त स्तूपावर एकावर एक अशी तीन छत्रे थेट छताच्या दिशेने चढत गेलेली आहेत. स्तूप, मूर्ती, छत्रे हे सारे एकाच अखंड खडकातून कोरलेले आहे. बांधीव इमारती पाहण्याची सवय असलेला डोळा प्रत्येक जड वस्तूखाली आधार शोधतो. कोरीव वास्तूत भार आणि आधार यांचा तो संबंधच नसतो. अर्धप्रकाशात हा फरक लक्षात न आल्यास छत्रे अधांतरी भासणे स्वाभाविक आहे. मोजमापे व संख्या कर्णोपकर्णी वाढल्या असाव्यात. आश्चर्याचे मूळ मात्र खऱ्या दर्शनानुभवात असणे संभवनीय आहे.

लेण्यांच्या निर्मात्यांनी डोळ्याची ही सवय ओळखली होती. कार्ले येथील चैत्यगृहाच्या छताला आजही लाकडी कमानी आहेत. खडकाच्या छताला त्यांची गरज नाही, त्या कोणताही भार वाहत नाहीत. वेरूळच्या दहाव्या लेण्यात त्या कमानी दगडातच कोरल्या गेल्या, आणि लोकांनी त्या लेण्याला 'सुतार की झोपडी' हे नाव दिले. दगडात लाकूड दिसले, याची पोचपावतीच या नावात आहे.

कैलास लेण्यात ही प्रक्रिया कळसाला पोहोचली. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, डोंगर वरून खाली तासत हे मंदिर सिद्ध झाले. प्रेक्षक ते खालून पाहतो, म्हणून जोत्यातील हत्तींनी मंदिर पाठीवर तोलले आहे असे त्याला दिसते. वस्तुतः आधी शिखर घडले आणि हत्ती नंतर. इ. स. ८१२ च्या बडोदा ताम्रपटात एलापूरच्या या मंदिराचे वर्णन आहे : विमानातून जाणारे देव ते पाहून थक्क होतात, हे मानवाने केलेले नसून स्वयंभू असावे असे म्हणतात, आणि खुद्द कर्त्यालाही आपण हे कसे घडवले याचा विस्मय वाटतो. काव्यातील अतिशयोक्ती वजा केली तरी एक साक्ष उरते. ही वास्तू घडल्यानंतर दोन पिढ्यांच्या आतच तिच्या निर्मितिक्रमाचे गूढ वर्णनाचा विषय झाले होते.

अंधार, चुना आणि फसगत

आतापर्यंतचे भ्रम श्रद्धा व सौंदर्य यांच्या सेवेत होते. देवगिरीच्या किल्ल्यावर तेच शस्त्र झाले. बालेकिल्ल्याकडे जाणारा 'अंधारी' नावाचा भुयारी मार्ग खडकात खोदलेला, वळणावळणांचा आणि असमान पायऱ्यांचा आहे. भर उन्हातून आत शिरणाऱ्याला प्रारंभी काहीच दिसत नाही. मानवी डोळा अंधाराशी पूर्णपणे जुळून घेण्यास वीस ते तीस मिनिटे घेतो. आत आधीच थांबलेल्या रक्षकाचे डोळे मात्र सरावलेले असतात. प्रकाशाची तिरीप पाहून शत्रू तिकडे धावे आणि खंदकात कोसळे, असे मार्गदर्शक सांगतात. ही कथा किती खरी हे बाजूला ठेवले, तरी रचनेचा लाभ कोणाच्या बाजूने होता हे शरीरशास्त्रच स्पष्ट करते.

सतराव्या शतकातील बीबी का मकबरा हे आणखी वेगळ्या भ्रमाचे उदाहरण होय. दुरून संपूर्ण इमारत संगमरवरी वाटते. प्रत्यक्षात संगमरवराचा वापर मुख्यतः खालच्या पट्ट्यापुरता आणि घुमटापुरता आहे. उर्वरित बांधकाम काळ्या दगडाचे असून त्यावर चुन्याचा गुळगुळीत गिलावा आहे. परंपरेने सांगितलेला खर्च ६,६८,२०३ रुपयांचा आहे. या इमारतीवर झालेला खरा अन्याय मात्र गिलाव्यामुळे झालेला नसून स्मृतीमुळे झालेला आहे. प्रेक्षक मनात ताजमहाल घेऊन येतो, आणि समोरच्या वास्तूत त्याला फक्त उणिवा दिसतात. पाहण्यापूर्वीच तुलना झालेली असते.

अभ्यासकाची दृष्टी

या पूर्वग्रहापासून अभ्यासकही मुक्त नसतात. जेम्स फर्ग्युसन यांनी १८७९ मध्ये पहिल्या लेण्यातील एका चित्राची ओळख इराणचा राजा दुसरा खुसरो याने चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्याकडे पाठवलेल्या वकिलातीशी लावली. तबरी या इतिहासकाराच्या ग्रंथात खुसरो आणि एक भारतीय राजा यांच्या संबंधांचा उल्लेख होता; चित्रात परदेशी टोप्या घातलेली माणसे होती. ग्रंथात वाचलेले भिंतीवर दिसले. चित्र सातव्या शतकाचे ठरले आणि ही ओळख पाठ्यपुस्तकांत दीर्घकाळ टिकली. पुढे हे चित्र बौद्ध कथेतील प्रसंग असल्याचे मत मांडले गेले. वॉल्टर स्पिंक यांनी तर महायान लेण्यांचे जवळजवळ सारे काम वाकाटक राजा हरिषेण याच्या काळाशी, म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धाशी जोडले. फर्ग्युसन यांचे डोळे निर्दोष होते. दिङ्नागाच्या भाषेत सांगावयाचे तर चूक कल्पनेची होती.

दुसरी चूक विषयातच शिरली. रॉबर्ट गिल यांनी १८४० च्या दशकापासून केलेल्या नकलांपैकी बहुतेक १८६६ च्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत नष्ट झाल्या. १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या कलाशाळेचे विद्यार्थी यांनी पुन्हा नकला केल्या. चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून मूळ भिंतींवर रोगण लावले गेले. निजाम राजवटीत १९२०–२२ मध्ये इटालियन तज्ज्ञांनी ढासळणारा गिलावा वाचवला, पण त्यांनीही लाखेचा थर वापरला. काळाच्या ओघात हे थर पिवळे पडले. पिवळ्या थराखालचा निळा रंग हिरवट भासतो आणि पांढरा मातकट. पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांनी पुढे अनेक ठिकाणी हे थर काढले. त्यामुळे अजिंठ्याच्या रंगसंगतीविषयीचे कोणतेही जुने विधान वाचताना ते स्वच्छतेपूर्वीचे की नंतरचे, हे विचारणे आवश्यक ठरते.

तिसरे उदाहरण स्थानाचे आहे. दहाव्या लेण्यातील एका स्तंभावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याचे नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख कोरलेली आहे. आज ती अक्षरे उभ्या माणसाच्या डोक्याच्याही वर आहेत. स्मिथ असामान्य उंच नव्हता. त्याच्या पायाखाली शतकांचा राडारोडा साठला होता. पुढे जमीन मोकळी झाली आणि अक्षरे उंच 'गेली'. नावेतल्या माणसाला झाडे धावताना दिसतात तसेच हे आहे. येथे बदलले ते पाहणाऱ्याचे स्थान.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, या परिसरातील निर्मात्यांनी दृष्टिभ्रमाचा उपयोग जाणीवपूर्वक आणि कुशलतेने केला. वर्तना, चतुर्देही हरीण, दगडी कमानी व अंधारी ही त्याची चार भिन्न रूपे होत. दुसरी, ज्या काळात हे घडत होते त्याच काळात भारतीय विचारवंत भ्रमाची कारणे वर्गीकृत करीत होते. कला आणि ज्ञानमीमांसा यांचा इतिहास म्हणून एकत्र वाचला पाहिजे. तिसरी गोष्ट अध्यापनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. दरवर्षी महाविद्यालयांच्या सहली या स्थळांना जातात, आणि विद्यार्थी 'अधांतरी', 'स्वयंभू', 'हसरा बुद्ध' अशा कथा घेऊन परततात. त्या कथा खोट्या म्हणून पुसून टाकणे हा उपाय नव्हे, कारण त्या खऱ्या संवेदनातून जन्मल्या आहेत. पाहणाऱ्याचे इंद्रिय कसे होते, वस्तूवर काय चढले होते, तो कोठे उभा होता, त्याच्या शरीराची अवस्था काय होती आणि तो मनात काय घेऊन आला होता, हे पाच प्रश्न प्रत्येक साक्षीला विचारता येतात. पहिले चार धर्मकीर्तीच्या वर्गीकरणातून मिळतात, पाचवा दिङ्नागाच्या लक्षणातून. ह्युएन त्संगाच्या म्हणण्याप्रमाणे दिङ्नाग जेथे राहिला, त्या लेण्यांच्या अंगणात उभे राहून हे प्रश्न विचारले गेले, तर पाहणे हेच इतिहासाच्या अभ्यासाचे पहिले प्रशिक्षण ठरेल.